मानाच्या जागेवर पाय

सावाको कितामुराला त्या खोलीतून काही केल्या बाहेर पडता येईना.

खोली कॉम्प्युटरमधली. खाली तातामीच्या गवती चटया, सरकती कागदी दारं आणि बाहेरच्या दाराला कुलूप. दिसेल त्यावर क्लिक करायचं, सापडेल ते गोळा करायचं आणि डोकं लढवून सुटायचं. हा खेळ तिच्या मुलाने, शुहेईने बनवला होता. नववर्षाच्या जेवणाला, सगळ्या नातेवाइकांदेखत सावाको त्याला म्हणाली होती, की हे रिकामटेकडे उद्योग कधी सोडणार? शुहेई ताटावरून उठला. "माझा एक तरी खेळ स्वतः सोडवून दाखव, आई. मग बोलू." तेव्हापासून त्याचा फोन नाही. बाई हट्टी खरी, पण भाताची लावणी झाली तसा पोराच्या आवाजासाठी तिचा जीव तुटायला लागला.

शेजारची हिसाए तांदळाच्या कुरकुरीत चकत्या खात मागे बसली होती.

"अगं, खेळाखालचे लोकांचे शेरे वाचले मी. फ्रान्सचे, ब्राझीलचे लोक चहा निवायच्या आत सुटलेत. अडकलेत ते सगळे आपलेच."

"उत्तर सांगशील तर याद राख!"

"मला कुठलं कळतंय उत्तर!"

सावाको मात्र थबकली. परक्यांना सुचतं आणि आपल्याला सुचत नाही, असं या खोलीत आहे तरी काय? तिने पुन्हा सगळीकडे नजर फिरवली आणि तोकोनोमापाशी ती अडकली. लांबट चित्र टांगलेला, फुलं मांडलेला तो मानाचा कोनाडा; तिथे पाय ठेवायचा नाही, हे घरोघरी लहानपणीच शिकवलेलं. चित्रावर तिने कितीदा तरी क्लिक केलं होतं. दर वेळी तेच उत्तर: हात पोचत नाही.

"वर चढावं लागणार," ती पुटपुटली.

"तोकोनोमात? पाय ठेवून?" हिसाएचा घास तोंडातच राहिला. "काहीतरीच काय!"

"खेळातलाच पाय आहे."

"मग ठेव की."

सावाकोचं बोट काही हलेना. शेवटी "माफ करा हं," असं मोठ्याने म्हणून तिने कोनाड्याच्या फळीवर क्लिक केलं. चित्र बाजूला सरकलं. मागे किल्ली होती आणि खाली अक्षरं उमटली: 'वर चढलात. कोणी ओरडलं नाही.'

सावाकोला एकदम आठवलं. चेंडूमागे धावत पाच वर्षांचा शुहेई घरच्या तोकोनोमात चढला होता, आणि तिने ओरडून त्या रडणाऱ्या पोराला अंगणात उभं केलं होतं. तिला फार वाईट वाटलं. खेळातलं दार उघडायच्या आधीच तिने फोन लावला.

"आई?"

"चढले रे मी."

पलीकडे शुहेई हसला, अगदी लहानपणीसारखा. "मोजे घालून, की अनवाणी?"

"गाढवा! अजून दार उघडायचंय. फोन ठेवू नकोस," ती डोळे पुसत म्हणाली. "मी बाहेर येईपर्यंत थांब."

"थांबतो, आई. सावकाश ये."