मुखरूभाऊंच्या पेटीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी हार्मोनियम आहे. सावली तालुक्याकडच्या धानाच्या गावांत मला पेटीच म्हणतात. वस्तू मायाळू असतात, सगळं पोटात घालतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मी तशी नाही. माझ्या माणसाशी कोणी वाईट वागलं, तर मी ते विसरत नाही.

माझं अंग आलापल्लीच्या सागाचं. नागपूरच्या एका कारागिराने मला घडवलं. मुखरूभाऊंनी मला एसटीत मांडीवर घेऊन गावी आणलं. ते धान पिकवायचे आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की मंडळीत पेटी वाजवायचे. त्याच मंडळीत बापूराव गायचे. एकदा बांधावर बसल्या बसल्या मुखरूभाऊंना एक चाल सुचली. गाणं होतं 'थांबव ना डोंगा'. सासरी निघालेली मुलगी वैनगंगेच्या मधोमध डोंगेवाल्याला, म्हणजे नावाड्याला, थांबायला सांगते. बापूरावांनी ते गायलं आणि ते घरोघरी गेलं.

बल्लारपूरच्या एका खोलीत त्याचं रेकॉर्डिंग झालं. आगगाडीची शिट्टी आली की सगळ्यांना थांबावं लागायचं. माझ्या भात्याला तेव्हाच एक बारीक छिद्र पडलं होतं. कडव्याच्या शेवटी माझा श्वास तुटायला लागला की मुखरूभाऊ सूर क्षणभर सोडायचे आणि हळूच परत धरायचे. ऐकणाऱ्याला वाटे, त्या मुलीचाच हुंदका. कॅसेट आठवडी बाजारात वाजली, लग्नात वाजली, ट्रॅक्टरवर वाजली. तिच्यावर लिहिलं होतं : गीत, संगीत, गायन – बापूराव.

मुखरूभाऊंच्या पत्नी रुखमाबाई ते वाचून भडकल्या. "चाल तुमची, अन् नाव त्याचं काऊन?"

"जाऊ दे व," मुखरूभाऊ म्हणाले.

त्यांनी जाऊ दिलं. मी नाही.

वीस वर्षं गेली. यंदा बापूराव मोटारीने दारात आले. जुन्या रेकॉर्डिंगवर कॅसेट कंपनीचा हक्क होता, म्हणून त्यांना तेच गाणं पुन्हा नव्याने गाऊन मोबाईलवर टाकायचं होतं. मुखरूभाऊंनी लगबगीने धुतलेला सदरा काढला.

"तू कायले कपडे बदलून राह्यला?" बापूराव म्हणाले. "मले फक्त पेटी पायजे. व्हिडीओत जवान पोरं लागते, मुखरू. तू बुढा दिसून राह्यला."

मुखरूभाऊंनी सदरा पुन्हा दोरीवर टाकला. मला गाडीत ठेवताना त्यांचा हात माझ्या झाकणावर जरा जास्तच वेळ राहिला. तिथेच मी ठरवलं.

नागपूरच्या स्टुडिओत अश्विन नावाचा वादक माझ्यासमोर बसला. त्याचा हात चांगला होता, दोष त्याचा नव्हता. पण कडव्याचा शेवट आला की मी सगळी हवा सोडून द्यायची. त्याने पुन्हा वाजवलं, मी पुन्हा सोडली. आठ वेळा. मला जमलं नसतं असं नाही. मी जमू दिलं नाही.

"काका, ही पेटी संपली," अश्विन म्हणाला.

मग मला झेंडूचा हार घालून नुसतं कॅमेऱ्यापुढे ठेवलं आणि वाजवला कीबोर्ड. बापूरावांचा आवाज वर पोहोचेना, तो मशीनने ओढून सरळ केला. गाणं फरशीसारखं गुळगुळीत झालं. हुंदका कुठेच नव्हता.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी, भर दुपारी, ते मोठ्या स्पीकरवर लावलं. मी हार घालून स्टेजवर होते. पहिल्या कडव्याला लोकांनी माना वर केल्या. दुसऱ्याला ते पुन्हा भज्यांकडे वळले. समोर बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "बापूराव, हे कोन गाऊन राह्यलं?"

"मीच, बाई!"

"तू? नाई बा. तो गानारा येगळा होता."

लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "मुखरूभाऊले बलवा!" मग दहा जण ओरडले. बापूरावांचे कान लाल झाले. मित्रांनो, खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. मला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी ते स्वतः मला परत घेऊन आले.

"मुखरू, एकडाव वाजव. मी मोबाईलवर घेतो. तुझं नाव टाकतो, माझ्या आधी टाकतो."

मुखरूभाऊंनी मला पुसलं. "वाजवतो. पन मोबाईलवर नाई."

रुखमाबाईंनी हात पुढे केला. बापूरावांनी मुकाट्याने मोबाईल दिला. रुखमाबाईंनी तो बंद करून, कोपरापर्यंत हात घालून धानाच्या कोठीत खुपसला.

मुखरूभाऊंनी गाणं दोन पट्ट्या खाली घेतलं, बापूरावांच्या म्हाताऱ्या गळ्याला झेपेल असं. मी माझा सगळा श्वास त्यांच्या हाती दिला. आता ते मुलीचं गाणं राहिलं नव्हतं. काठावर उभं राहून जाणाऱ्या डोंग्याकडे बघणाऱ्या बापाचं झालं होतं. कुंपणापाशी बायका थबकल्या. वीस वर्षांत ते इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं.

बापूराव रडत होते. "हेच पायजे होतं मले, मुखरू! आता एकडाव मोबाईल लावून..."

मुखरूभाऊंनी माझा भाता मिटला आणि खटका लावला.

"नाई. हे इथीच राह्यते."

मित्रांनो, वाद्यांवर धूळ बसू देऊ नका, भात्याला उंदरांपासून जपा. पण त्याहून आधी वाजवणाऱ्याचं नाव जपा. ते खोडलंत, तर एक दिवस तुम्ही तुमचंच गाणं मागायला त्याच्या दारात उभे राहाल. ते तुम्हाला ऐकवलं जाईल. सोबत घेऊन जाता मात्र येणार नाही.