आईच्या फोटोंत दाढा

दातांच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपवर फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असा पसारा होता. ‘नवीन’, त्यात ‘नवीन दोन’, त्यात ‘नंतर बघू’. पंचाहत्तरीला आईचे सगळे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचं ठरलं, आणि ते शोधता शोधता डॉक्टर रडकुंडीला आले.

शेवटी बायकोच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो कॉम्प्युटरवाला. त्याने एक काळी खिडकी उघडली आणि नुसतं टाइप करायला लागला.

“माउस नको?” डॉक्टरांनी विचारलं.

“कशाला, भाऊजी? फोटोच्या फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी असतं. मी एका ओळीत सांगतो, कितीही आत दडलेली असू दे, जेपीजी दिसली की कॉपी करून इकडे आण. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“आणि ते ऐकतं?”

“ताईपेक्षा तरी जास्त.”

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

एंटर दाबल्यावर ओळी सरसर वर पळाल्या आणि बघता बघता फोल्डर भरलं. डॉक्टर इतके खूश झाले, की आत काय आलंय ते बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं. भिंतीवर पहिला फोटो आला, आई शाळेच्या गणवेशात. मग आई सायकलवर. मग एक भलीमोठी दाढ, मधोमध काळं भोक.

“ही कोण?” आईने विचारलं.

डॉक्टरांनी मेव्हण्याकडे पाहिलं. “दातांचे फोटोही जेपीजीच निघाले,” तो पुटपुटला आणि लॅपटॉपकडे धावला. पण मध्ये खुर्च्यांची गर्दी. तेवढ्यात पुढचा फोटो आला, दातांची अख्खी रांग, आणि शेजारचा शिंपी उठून उभा राहिला.

“हा सोन्याचा माझा. पण डॉक्टर, त्याच्या बाजूच्याला कीड दिसते. तुम्ही तर म्हणाला होतात, ठणठणीत आहे.”

डॉक्टर भिंतीजवळ गेले. एवढा मोठा करून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

“उद्या सकाळी या,” ते पडेल आवाजात म्हणाले.

मग कुणी उठायलाच तयार होईना. ज्यांचे ज्यांचे दात डॉक्टरांच्या हाताखालून गेले होते, त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मेव्हण्याने बंद करायला हात घातला, तर आईनेच अडवलं.

“राहू दे. माझं तोंड काय, रोजच बघतात.”

केक कापला तेव्हा निम्मे पाहुणे एकाच बाजूने जपून चावत होते, आणि डॉक्टर एकेकाच्या जबड्याकडे काळजीने बघत होते.