दुष्काळात जाड राहिलेल्या बाईची हातोडी

मी खडी फोडायची हातोडी बोलतेय. बाहत्तरच्या दुष्काळात कवठे येमाईच्या रस्त्यावर सरकारी काम निघालं, तिथं माझा जन्म सार्थकी लागला. बाकीच्या हातोड्यांपेक्षा मी जड. सकाळी हत्यारं वाटताना बायका माझ्यासाठी भांडायच्या. लोखंड जड असलं की कामाचं आणि माणूस जड असलं की आळशी, हे शास्त्र मी तिथंच शिकले.

मी सोजरबाईंच्या वाट्याला आले. त्या अंगानं जाड. माहेरच्या सगळ्या बायकांचा बांधाच तसा, पण दुष्काळात जाड दिसायचं म्हणजे केवढा गुन्हा! आमचा मुकादम म्हस्कू तर फारच हुशार. बाईकडं नुसतं बघूनच तिच्या घरातल्या धान्याची पोती त्याला दिसायची.

"काय सोजरबाई, आमचा दुष्काळ येगळा आन् तुमचा येगळा वाटतं?"

सगळे हसायचे. सोजरबाईही हसायच्या, पण माझा दांडा घट्ट आवळायच्या.

दुपारी सरकारी सुखडी, म्हणजे पीठ-गुळाच्या वड्या, वाटायचे. म्हस्कू त्यांच्या हातावर अर्धीच वडी ठेवायचा. "तुमच्या अंगात साठा हाय की!" ती अर्धी वडी त्या लेकरांसाठी पदरात बांधायच्या. म्हस्कूला ती गाठ दिसली. "बघा, घरी नेऊन गुपचूप खातीय."

दिवसभर त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नसे, हे मला ठाऊक होतं. पण हातोडीला विचारतंय कोण?

एकदा भर उन्हात त्या माझ्यासकट आडव्या झाल्या. शेजारच्या ताईबाईनं धावत येऊन पाणी पाजलं. म्हस्कू लांबूनच म्हणाला, "भुकेनं पडायला ती काय काडी हाय? खाऊन सुस्तावलीय. हजेरीतनं नाव खोडा तिचं."

"मुकादम, नाव खोडू नगा. घरात दाणा न्हाई."

"दाणा न्हाई म्हणं! आरशात बघा जरा."

नाव खोडलं. पदराची गाठ सावरत त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पोपट नावाच्या गड्याच्या हाती आले. पोपट काटकुळा. दोन दगड फोडून तो मला उशाला घेऊन बाभळीखाली घोरू लागला. म्हस्कू पाय न वाजवता जवळून गेला. "निजू द्या बिचाऱ्याला. उपाशी असंल."

आता मी शिरूरच्या एका गोदामात गंजत पडलेय. वजन अजून तेवढंच आहे, त्यावरून मला कुणी काही बोलत नाही. कधी मला न्यायला आलात, तर वाटेत सोजरबाईंच्या घरी थांबा. त्यांची राहिलेली अर्धी वडी तेवढी द्या.