बीव्हर हवा, बांध नको

मित्रांनो, मी एक जुना बीव्हर आहे. खरा नव्हे, कापडी. खरा बीव्हर थंड देशांतला. तो झाडं कुरतडतो, ओढ्यात फांद्यांचा बांध घालतो आणि रोज तो तपासतो. बांधामुळे पावसाचं पाणी रेंगाळत खाली येतं, म्हणून खालच्या गावात पूर कमी येतो.

हे समजावून सांगायला मला इंग्लंडमधल्या एका गावात शिवलं. तिथल्या सभांत एक शेतकरी, ज्याचं शेत बांधाच्या वरच्या अंगाला होतं, मला दरडावायचा, "माझं शेत बुडवशील, लबाडा!" ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बाई मात्र माझी पाठ थोपटायच्या. कोणाचं खरं मानावं, मला कळेना.

तिथे बीव्हरच्या बांधांवर प्रबंध लिहिणाऱ्या मैत्रेयीने मला सिंगापूरला, बिशान भागातल्या आपल्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत आणलं. जोराच्या पावसात तिथल्या बेसमेंटमध्ये पाणी शिरायचं. तिने परवानगी काढून बागेतल्या पाणवाटेत बीव्हरसारखाच फांद्यांचा बांध घातला. पुढच्या मोठ्या पावसात बेसमेंट कोरडं राहिलं. मग बांध ठेवायचा की काढायचा, यासाठी रहिवाशांची सभा भरली. मला टेबलावर बसवलं.

"सो क्यूट लाह!" छोटी जाई अस्सल सिंगापुरी थाटात ओरडली.

समितीचे अध्यक्ष पद्माकरकाकाही हसले. मग म्हणाले, "मैत्रेयी, पाणी साचलं की डास आलेच. गेल्या वर्षी तुझी अरुणाकाकू डेंग्यूने हॉस्पिटलात होती."

"काका, पाणी काही तासांत ओसरतं. अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो."

"आणि पानं अडकून डबकं राहिलं तर? डास काय तुझा प्रबंध वाचून अंडी घालणार आहेत?"

सगळे खदखदून हसले. मैत्रेयीही हसली, मग हळूच म्हणाली, "खरंय. रोज कोणीतरी बघायला हवं. मी कामासाठी बाहेरगावी असते तेव्हा कोण बघेल?"

सभेत एकही हात वर झाला नाही.

बांध काढून टाकला. मला मात्र लॉबीत काचेच्या पेटीत ठेवलं. माझी धूळ पुसायला रहिवाशांनी हौसेने पाळ्या लावून घेतल्या! काल पुन्हा बेसमेंट भरलं. गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेले काका पेटीपुढे थांबले, काच पुसली आणि म्हणाले, "आज माझी पाळी."

मित्रांनो, एवढी माया माझ्या वाट्याला आली, मग बांधाच्या का नाही? मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला कोणी आवडलं, तर त्याचं कामही थोडं अंगावर घ्या. पाय चिखलाने भरले तरी चालतील.