चाळीस नावे आणि सहा रविवार

“हे बाकडं आहे की शिक्षा?” आजी माझ्यावर गुडघे टेकता टेकता पुटपुटल्या. देवाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलल्या. पण मी गुडघ्यांखालीच, मला कसे चुकणार?

मित्रांनो, ती शिक्षा म्हणजे मी. प्रार्थनेला गुडघे टेकायचे एक जुने लाकडी बाकडे. या घरातल्या आजोबांनी मला मोडक्या पलंगाच्या फळ्यांतून बनवले. ते सुतार नव्हते, टपालवाले होते. म्हणून माझा एक पाय आखूड राहिला आणि मी डुगडुगते. “बरंय, प्रार्थनेत डुलकी लागायची नाही,” आजोबा म्हणायचे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मला मान असतो. एरवी थोरल्या मुलाचे, शिंप्याचे, अर्धे शिवलेले कपडे माझ्यावर लोळतात.

गेल्या वर्षी शहरात दंगल पेटली. आजोबा पाव आणायला गेले होते, ते गल्लीत जमावाच्या तावडीत सापडले. कोपऱ्यावर धाकट्या मुलाचे कुलपे दुरुस्त करायचे दुकान आहे. आजोबांनी त्याचे शटर बडवले. तो आत होता, भीतीने त्याने उघडले नाही. जखमी आजोबा पंधरा दिवसांत गेले. शटर उघडले नाही, हे धाकट्यानेच घराच्या दारात उभे राहून रडत सांगितले. त्याला कुणी आत घेतले नाही. “गावाची कुलपं उघडतो, बापाला शटर उघडलं नाही,” थोरला एवढेच बोलला. त्यानंतर या घरात ते नाव बंद.

शहर अजून सावरलेले नाही. दुकाने दोनच तास उघडतात, पाव माणशी एकच मिळतो. अशात आजींनी उपवासकाळासाठी नेम काढला. रोज संध्याकाळी एकाने माझ्यावर गुडघे टेकायचे, एका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करायची आणि आपल्या वाट्याचा पाव त्याला नेऊन द्यायचा. चाळीस दिवस, चाळीस नावे. यादी कपाटाच्या दाराला चिकटवली.

मी पुष्कळ गुडघे पाहिले, पण असे नाही. सूनबाईंनी बहिऱ्या पहारेकऱ्याला पाव दिला आणि स्वतः पाणी पिऊन मशीनवर बसल्या. आठ वर्षांच्या नातीने शाळेतल्या रागीट बाईंचे नाव घेतले. पाव नेताना रडली, पण कुरतडला नाही. ज्या घरातून दंगलीत दगड आला होता, त्या घरच्या बाळंतिणीला आजी स्वतः जिना चढून पाव देऊन आल्या. वर तिलाच म्हणाल्या, “खा मुकाट्यानं, नाहीतर मी खाईन.”

चूक एकच झाली. उपवासाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, हे हिशेबात पक्क्या आजी विसरल्या. यांनी रविवारीही नावे घेतली आणि ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारीच यादी संपली. मधले सहा दिवस अजून बाकी! सोमवारी टपालकचेरीतला कारकून आठवला, मंगळवारी शेजारच्या गल्लीतली विधवा. बुधवारी सूनबाईंनी खाटकाच्या लंगड्या कुत्र्याचे नाव घेतले. “चालेल,” आजी म्हणाल्या, “तोही भुकेलाच आहे.” गुरुवारी नातीने खूप डोके खाजवून पाणीवाला शोधला. मग सहज म्हणाली, की कोपऱ्यावरचे शटर आठ दिवस वर गेलेले नाही, काका आत खोकत असतात. सगळ्यांनी आपापल्या ताटलीत पाहिले.

शुक्रवारी, क्रूसाच्या दिवशी, पाळी शिंप्याची होती. त्याने गुडघे टेकले. मी डुगडुगले, तो मात्र हलला नाही. “म्हणा ना कुणाचंही,” सूनबाई हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, अशी माझी विनवणी नाही. मोठ्या माणसांनी मायेने बनवलेली वस्तू जपा, एवढे तर तुम्हाला ठाऊकच आहे. मला एकच मागायचे आहे. गुडघे टेकायचे बाकडे कधी दाराला अडसर म्हणून लावू नका. त्याचे ओझे फार असते.

“धाकट्यासाठी,” शिंपी म्हणाला. पाव त्याच्या मुठीत चेपला गेला होता. मग तो आजींकडे वळला.

“आई, त्या दिवशी बाबांनी आधी आपलं दार वाजवलं होतं. हे बाकडं मी दाराला लावून बसलो होतो. आणि आवाज बाबांचा आहे, हे आपल्या सगळ्यांना कळलं होतं.”