थांब म्हणायचा हक्क

जरा कल्पना करा. जमिनीपासून चाळीस फुटांवर काचेची एक लहानशी केबिन आहे आणि तिच्यात तुम्ही बसला आहात. हाताखाली क्रेनचे दांडे, साखळीला लटकलेली बारा टनांची पोलादी गुंडाळी, आणि तिच्याही खाली बोटाएवढी दिसणारी माणसं. यंत्रांचा आवाज असा, की कुणाची हाक ऐकू येत नाही. खालचा एक माणूस हातानं इशारे करतो, तेवढंच तुम्हांला दिसतं. बसलात नीट? खोपोलीच्या एका कारखान्यात सहदेव अशा केबिनीत एकतीस वर्षं बसले. आता खाली उतरा, कारण निवृत्त झालेले सहदेव ओटीवर शेंगा सोलताहेत आणि त्यांची आठवीतली नात भाविका लॅपटॉपवर ओरडते आहे.

“मुडदा बशिवला ह्या टेंपोचा!”

“काय झालं गं?”

“आबा, ह्याला तीन हुकूम दिले. पुढं जा, डावीकडं वळ, परत पुढं जा. हा पहिला अर्धाच करतो, दुसरा खातो, नि तिसऱ्याला सरळ शेतात घुसतो.”

भाविकानं एक खेळ बनवला होता. कोंडाण्याहून भात भरलेला लाल टेंपो निघायचा आणि खेळणाऱ्यानं तो कर्जतच्या गिरणीपर्यंत न्यायचा. शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं. संतोष सरांनी बजावलं होतं, टेंपो सांगितल्याबरहुकूम चालला तरच टेबल मिळेल. आज गुरुवार होता.

सहदेव चष्मा लावून जवळ आले. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना कळत नव्हती, पण टेंपो दोनदा शेतात घुसलेला बघून त्यांना हसू आलं.

“ह्यो नवशिका डायवर हाय. नवा इशारा दिसला की हातातलं काम टाकून देतो. पयल्या वर्साला मी बी असाच व्हतो.”

“मग तुमी काय करायचात?”

“येक पुरं होईस्तो दुसरं मनात धरून ठेवायचं. गुंडाळी पूर्ण वर आली, मंग पुढं. पुढं पोचली, मंग खाली.”

भाविकाची बोटं भराभरा चालू लागली. पायथन या संगणकाच्या भाषेत तिनं टेंपोसाठी एक यादी केली. तिचं नाव ‘रांग’. कळ दाबली की हुकूम रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. टेंपो प्रत्येक क्षणी स्वतःला विचारायचा, हातातलं काम झालं का? झालं असेल तर रांगेतला पहिला हुकूम उचलायचा, नसेल तर आधीचंच पुढं चालू. वासुदेवासारखं डोलत टेंपोनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि भाविका जागेवरच उडाली.

पण रस्त्यात मधूनच वासरू आडवं यायचं. ते आलं तेव्हा तिनं थांबण्यासाठी ठेवलेली, कीबोर्डची सगळ्यांत खालची लांब कळ दाबली. रांगेत आधीचे चार हुकूम होते. टेंपोनं ते चारही नेमानं पाळले, वासराला उडवलं, पूल ओलांडला आणि मग शहाण्यासारखा उभा राहिला.

“थांबला की!” सहदेव म्हणाले.

“वासरू मेल्यावर!”

“त्याची काय चूक? थांब शेवटी आला, त्यानं शेवटी ऐकला.” सहदेवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. “भावे, थांब रांगेत उभा ऱ्हात नाय. येकदा गुंडाळी घेऊन निघालो व्हतो. खालून फोरमन चल चल करतोय. तेवढ्यात झाडू मारनारी सोनुबाई दोनी हात वर करून उभी ऱ्हायली. मी क्रेन थांबवली. फोरमन शिडी चढून वर. म्हनतो, इशारा कुनाचा पाळायचा, माजा का झाडूवालीचा?”

“मग?”

“म्हनलं, सायेब, चल म्हनायचा हक्क तुमच्या येकट्याचा. थांब म्हनायचा हक्क हितं उभ्या असलेल्या सगळ्यांचा.”

“पण तिनं थांबवलं कशाला?”

“गुंडाळीच्या वाटंवर धोंडी वेल्डर वाकून बूट बांधत व्हता. फोरमनच्या बाजूनं दिसतच नव्हता.”

एकतीस वर्षांत सहदेवांच्या क्रेनखाली कुणाला खरचटलंही नव्हतं. त्याचं प्रमाणपत्र त्यांना कुणी दिलं नाही. धोंडी अजून दर दिवाळीला घरी येतो, फराळ करतो आणि जातो. तेवढं त्यांना पुष्कळ होतं.

शुक्रवारी भाविकानं थांबण्याच्या हुकमाला रांगेबाहेरची वाट करून दिली. तो आला की टेंपो हातातलं काम तिथंच सोडायचा.

“आबा, रांगेत राहिलेले हुकूम तसेच ठेवू? वासरू गेलं की परत दाबायला नकोत.”

“नको. ते हुकूम वासरू यायच्या आधीचे. आता रस्त्यात कोन हाय ते त्यांना काय ठाव? रांग रिकामी कर. बगून नवे दे.”

तिनं रांग रिकामी केली.

शनिवारी टेबल मिळालं. सहदेव इस्त्रीचा सदरा घालून मागं भिंतीशी उभे राहिले. मुलं खेळली, टेंपो शिकवल्याप्रमाणे चालला. शेवटी संतोष सर स्वतः बसले, अकरा हुकूम एकदम दिले आणि मान वळवून एका पाहुण्याशी बोलू लागले. वासरू रस्त्यात आलं.

“ओ सर! वासरू! थांबवा की त्याला!” शाळेत खिचडी रांधणाऱ्या गौराबाई मागून ओरडल्या. हातात खिचडी ढवळायचा डाव तसाच.

सरांनी वळून बघेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मुलं खिदळली. “मावशी, तुमी कशाला वरडता? कीबोर्ड सरांकडं हाय!”

सरही हसले. “गौराबाई, खेळतोय मी ना?”

गौराबाईंनी पदर सावरला आणि त्या खिचडीकडे जायला वळल्या. सहदेवांनी भाविकाकडे पाहिलं. आज क्रेन भाविकाच्या हातात होती.

“मावशी, जाऊ नका,” भाविका म्हणाली.

ती संगणकाच्या खोलीत धावत गेली आणि कपाटातला दुसरा कीबोर्ड घेऊन आली. त्याची वायर तिनं लॅपटॉपला जोडली. वहीचं पान फाडून चिकटपट्टीनं तिनं सगळ्या कळा झाकून टाकल्या. थांबण्याची खालची लांब कळ तेवढी उघडी ठेवली. मग तो कीबोर्ड तिनं टेबलाच्या कडेला, बघणारे उभे राहतात त्या बाजूला सरकवला.

“सर, परत खेळा,” ती म्हणाली, आणि गौराबाईंच्या हातातला डाव स्वतःच्या हातात घेऊन त्यांना पुढं जागा करून दिली.