वेदीपाशी कधीच न गेलेलं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं पिंप आहे. चर्चच्या दाराशी, डाव्या हाताला उभा असतो. एका रविवारी भर उपासनेत माझ्यातला झेंडा काढण्यात आला आणि दोन म्हाताऱ्यांनी मला वेदीपासून दारापर्यंत गडगडत आणून सोडलं.

असं काहीही झालेलं नाही. चर्चच्या वहीत त्या रविवारची नोंद स्वच्छ अक्षरात आहे : ‘उपासना नेहमीप्रमाणे पार पडली. पिंप पूर्वीपासून दाराशीच होते.’ चर्चच्या वहीत लिहिलेलं खोटं कसं असेल? तेव्हा मी आता जे सांगणार आहे ते घडलेलं नाही, एवढं मनाशी धरून ऐका.

माझा जन्म एका पत्र्याच्या दुकानात झाला. कारागिराला खरं तर पाण्याची टाकी करायची होती. पत्रा कमी पडला, म्हणून मी झालो. माझ्या पोटावर एक पोचा राहिला. “राहू दे, हरवला तर ओळखू येईल,” असं म्हणून त्यानं मला विकायला काढलं. पिंप हरवल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही, पण त्याचा हेतू चांगला होता.

मला बेकरीच्या आत्यांनी घेतलं. त्यांना सगळेच आत्या म्हणत. त्यांचं सख्खं असं माणूस एकच, धाकटा भाऊ. तो छापखान्यात शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी जुळवायचा, म्हणून त्याला सगळे जुळारी म्हणायचे. आत्यांकडे मी अकरा वर्षं पीठ सांभाळलं. पहाटे त्या माझ्या पोटात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि म्हणायच्या, “उठा, पाहुणे यायची वेळ झाली.” पाहुणे म्हणजे पाव घ्यायला येणारं अख्खं गाव. मग माझ्या बुडाला गंज लागला, भोक पडलं. पीठ सांडायला लागलं. आत्यांनी मला भंगारात घातलं नाही. हातगाडीवर घालून चर्चमध्ये आणलं आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, “भोक पिठाला चालत नाही, छत्र्यांना चालतं. उलट पाणी आपोआप निघून जाईल.”

असा मी धर्मकार्याला लागलो.

आमच्या चर्चची एक पद्धत होती. ती कोणी ठरवली नव्हती. एका रविवारी उपासना संपली तेव्हा माझ्यातल्या चाळीस काळ्या छत्र्या एकमेकींत अशा अडकल्या की कोणाची कुठली ते कळेना. बाहेर पाऊस, आत गर्दी. पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे, हाताला येईल ती घ्या ना. पुढच्या रविवारी परत आणा.” लोकांनी तेच केलं. पुढच्या रविवारी परत तेच केलं. असं वीस वर्षं चाललं. न्यायाधीश दूधवाल्याच्या फाटक्या छत्रीत भिजत घरी गेले. डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला एकदा बदकांची चित्रं असलेली छत्री आली, तर त्या ती उघडून गावाला दोन फेऱ्या मारून आल्या. आपली छत्री कुठली हे हळूहळू सगळे विसरले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ. पत्र्याच्या पिंपानं असं म्हणू नये, पण म्हणतो.

मग नदीपलीकडच्या देशात लाल सरकार आलं. तिकडं चर्चना कुलपं लागली, एका म्हाताऱ्या पाळकांना रातोरात उचलून नेलं, अशा बातम्या रोज पेपरात यायला लागल्या. बातम्या खऱ्या होत्या. लोकांची भीतीही खरी होती. एवढं मला कॅप्टनच्या बाजूनं सांगायलाच हवं.

कॅप्टन म्हणजे चर्चचे सर्वांत ताठ बसणारे सभासद. ते फौजेत होते. नेमकं सांगायचं तर फौजेच्या कोठारात होते आणि त्यांनी उभ्या आयुष्यात शत्रूपेक्षा घोंगड्याच जास्त पाहिल्या. पण माणूस सरळ. चर्चच्या बिजागऱ्यांना न सांगता तेल घालणारा. तर कॅप्टननी ‘श्रद्धा आणि सीमा संरक्षण समिती’ स्थापन केली. समितीत तिघं होते : कॅप्टन, विमावाले काका आणि वही लिहिणारे कारकून.

समितीचा पहिला ठराव असा, की वेदीशेजारी देशाचा झेंडा उभा करावा. काठी नऊ फुटी. कुठलंच स्टँड तिला धरेना. तेव्हा कॅप्टनची नजर माझ्यावर पडली. मला पुसलं, हिरवा रंग दिला, वेदीच्या उजव्या बाजूला नेऊन बसवलं आणि गळ्यापर्यंत वाळू भरली. छत्र्या दाराशी फरशीवर पडल्या.

खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. लोक आत येताना माझ्याकडे बघून ताठ व्हायचे. वीस वर्षं छत्र्या धरल्या, कोणी ताठ झालं नव्हतं.

अडचण एकच झाली. झेंडा क्रूसापेक्षा वीतभर उंच दिसायला लागला. समिती बसली. काठी कापणं म्हणजे देशाचा अपमान. क्रूस तसाच ठेवणं म्हणजे देवाचा. शेवटी क्रूसाखाली एक पाट ठेवण्यात आला. तरीही चार बोटं कमी पडली. मग पाटाखाली दोन जुनी गीतपुस्तकं सरकवली. तेव्हापासून क्रूस जरा डगमगायला लागला, पण उंची बरोबर आली, असं तेव्हा वहीत लिहिलं होतं.

दुसरा ठराव छत्र्यांचा. कारकुनांनी मुद्दा काढला, “कोणाचीही छत्री कोणीही घ्यायची, हे आपल्यात आलं कुठून?” तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विमावाले काका हळूच म्हणाले, “नदीपलीकडून?” त्या दिवसापासून प्रत्येक छत्रीला नंबर मिळाला आणि ज्यानं त्यानं आपली छत्री आपल्या बाकाला बांधायची असं ठरलं. पण आपली कुठली हेच कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळे बदकांच्या छत्रीवर चौघांनी हक्क सांगितला.

तिसरा ठराव मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. येत्या महिन्यापासून प्रभुभोजनाआधी प्रत्येकानं माझ्याजवळ यायचं, झेंड्याच्या काठीला हात लावायचा आणि छापील कार्डावरची शपथ मोठ्यानं वाचायची. मगच पावाचा तुकडा मिळेल. कार्डावर तीन ओळी होत्या. ‘मी देवाला मानतो आणि देशाला मानतो. दोन्ही एकच आहेत. कोणाही लाल माणसाशी माझी ओळख नाही.’

आता गावात लाल माणूस एकच होता. आत्यांचा भाऊ.

जुळाऱ्यानं छापखान्यातल्या कामगारांचा संप चालवला होता आणि लपवाछपवी त्याला जमायची नाही. कोणी विचारलं तर सांगायचा, “हो, लाल आहे. आणि रविवारी शेवटच्या बाकावर आहे. दोन्हींच्या वेळा वेगळ्या आहेत.” तिथं बसून तो सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे गायचा. लहानपणापासून तो एकही प्रभुभोजन चुकला नव्हता, आणि तो पाव त्याची बहीण भाजायची.

आदल्या दिवशी दुपारी आत्या वेदीवरचं कापड बदलायला आल्या. पाळकसाहेब तिथंच चष्मा पुसत उभे होते.

“पाळकसाहेब, उद्या माझ्या भावाला पाव मिळणार ना?”

“म्हणजे, आत्या, समितीनं...”

“समितीनं पीठ मळलंय का?”

“नाही.”

“मग ऐका. त्याला नाही मिळाला तर पुढच्या महिन्यापासून माझा पाव इथं येणार नाही. खुशाल बिस्किटं वाटा.”

“आत्या, मी घाबरट माणूस आहे हो,” पाळकसाहेब म्हणाले.

“ठाऊक आहे. म्हणून तर आदल्या दिवशी सांगायला आले. रात्रभर घाबरून घ्या.”

रविवार उजाडला. बाहेर पाऊस, आत बाकांना बांधलेल्या छत्र्यांतून निथळणारं पाणी. टेबलावर पाव झाकून ठेवलेला. शपथेसाठी रांग लागली. जुळारी रांगेत आला नाही. शेवटच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसून राहिला. आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. याआधी त्या नेहमी पहिल्या बाकावर बसायच्या.

रांगेत पहिले कॅप्टन. त्यांनी माझ्यातल्या काठीला हात लावला आणि पहिली ओळ खणखणीत वाचली. दुसरी वाचली. तिसरीला त्यांनी श्वास घेतला, आणि मागून आवाज आला.

“कॅप्टन, माझा पांढरा घोडा तुझ्या कोटाच्या खिशात राहिलाय. बुधवारी आठवणीनं आण.”

मित्रांनो, कॅप्टन आणि जुळारी तीस वर्षं दर बुधवारी बुद्धिबळ खेळत होते. कॅप्टननी खिशात हात घातला. हातात घोडा आला. एका हातात झेंड्याची काठी, दुसऱ्या हातात लाकडी घोडा, आणि समोर कार्डावर ‘माझी ओळख नाही.’

“वाच की,” जुळारी म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. “मला राग नाही येणार.”

“वेदीसमोर खोटं बोलू?” कॅप्टन चिडून म्हणाले. “तुम्ही व्हा पुढं, विमावाले.”

विमावाले काका पुढे झाले आणि थांबले. “म्हणजे, त्याचा विमा मीच उतरवलाय. ही ओळख धरायची का?”

“कारकून!”

“माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यानंच छापली,” कारकून जमिनीकडे बघत म्हणाले. “लग्नात जेवलाही.”

“बरं, मग हे कार्ड तरी...” कॅप्टन म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं. त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं. गावात छापखाना एकच होता.

“मीच जुळवलंय,” जुळारी उठून उभा राहिला. “काम ते काम. तीन चुका होत्या, त्या काढल्या. चौथी मधल्या ओळीत होती. ती काढणं छापखान्याचं काम नाही, पाळकसाहेबांचं आहे.”

सगळे पाळकसाहेबांकडे वळले. मी शेजारीच होतो, मला सगळं दिसत होतं. त्यांनी चष्मा पुसला नाही. काढून खिशात ठेवला. मला वाटतं, लोकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून.

“दोन्ही एक नाहीत,” ते म्हणाले. “देश मलाही प्रिय आहे. माझी आई याच मातीत आहे. पण देव काही आपल्या नाक्यावरचा शिपाई नाही. नदीपलीकडंही एखादी म्हातारी आज गुपचूप पाव मोडत असेल. ती आपली शत्रू आणि देव फक्त आपला, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तिकडं चर्चना बाहेरून कुलूप लावतात. वाईटच आहे ते, हजारदा वाईट. पण म्हणून आपण आतून कडी लावायची?”

छत्र्यांतून पाण्याचे थेंब पडत होते.

“आणि हे टेबल माझं नाही,” ते पुढे म्हणाले. “समितीचं तर नाहीच. पहिल्यांदा हे जेवण झालं तेव्हा येशूला पकडून देणारासुद्धा जेवायला बसला होता. त्याच्याही हातात घास दिला. शपथ घातली नाही. मी आजवर हे बोललो नाही, ती माझी चूक.”

मग कॅप्टननी काठी माझ्यातून उपसली. झेंडा खाली लागू दिला नाही. फौजेत शिकवतात तशी त्याची नीट घडी केली आणि कोटाच्या आत, छातीशी ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात तो उभारला गेला. तिथं मोकळ्या वाऱ्यावर फार छान दिसतो.

राहिलो मी. वाळूनं भरलेला, भलताच जड. कॅप्टननी मला हात घातला, पण मी ढिम्म. मागच्या बाकावरून जुळारी उठून आला.

“सरक. कंबर मोडून घेशील.”

“तुझी काय पोलादाची आहे?”

“तिरपं कर आधी. तिरपं म्हटलं की सरळ धरतोस, कोठारात काय शिकलास?”

असं भांडत भांडत त्या दोघांनी मला मधल्या वाटेनं गडगडत दारापर्यंत आणलं. माझ्या बुडाच्या भोकातून वाटभर वाळू सांडली. ती आजही बाकांखाली सापडते, आणि ती तिथं कशी आली हे अर्थातच कोणालाही माहीत नाही.

मग सगळे टेबलापाशी गेले. कॅप्टन आणि जुळारी शेजारी शेजारी उभे होते. जुळाऱ्याला पाव मिळाला. आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “जरा जास्तच भाजला गेलाय आज.”

कॅप्टनना ओशाळं वाटू नये म्हणून कारकुनांनी वहीत ती नोंद केली, आणि सगळ्या मंडळीनं ती खरी मानली. समिती कधी नव्हतीच. पाट पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात गेला. छत्र्यांवरचे नंबर पावसानं धुतले. तुम्ही कधी आलात आणि विचारलंत, “हे पिंप हिरवं का?” तर कॅप्टन स्वतःच सांगतील, “पहिल्यापासून हिरवंच आहे.”

आता माझा रंग उडालाय, पोच्याच्या जागी पत्रा विरलाय. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना पुसा, त्यांची भोकं समजून घ्या. आणि ज्याची जागा दाराशी आहे त्याला मोठेपणा देऊन वेदीपाशी नेऊ नका. त्याला ते फार आवडतं, हाच धोका आहे. माझ्यावरून सांगतो.

जाता जाता एक अर्ज लिहून ठेवला आहे. तोही ऐका.

प्रति,
माननीय अध्यक्ष, श्रद्धा आणि सीमा संरक्षण समिती (अस्तित्वात नाही).

विषय : आत येताना बाहेर ठेवावयाच्या वस्तूंबाबत.

महोदय,
सविनय विनंती की, यापुढे कोणत्याही देशातून, नदीच्या कोणत्याही काठावरून येणाऱ्या सर्व सभासदांनी आपापले झेंडे, बिल्ले व शपथेची कार्डे आत येताना खाली सही करणाऱ्याच्या पोटात ठेवावीत. उपासना संपल्यावर हाताला येईल तो झेंडा घेऊन घरी जावे, आठवडाभर तो नीट सांभाळावा, पावसात भिजू देऊ नये आणि पुढच्या रविवारी परत आणावा. आपला कुठला होता हे आठवेनासे होईपर्यंत ही पद्धत चालू ठेवण्यास मंजुरी मिळावी.

कळावे,
आपला नम्र,
पिंप
(दाराशी, डावीकडे. पूर्वीपासून.)